खांदेरीच्या बत्तीला रात्रभर चावी द्यावी लागायची?

थळची_लेक
आमचं घर अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर आहे. अंगणातून खांदेरी-उंदेरी ही दोन्ही बेटं दिसतात, खांदेरीवरची बत्ती (दीपगृह) पण. आजोबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. परवा ओटीवर बसून जाळं विणताना म्हणाले, "पूर्वी बत्तीला माणसं रात्रभर चावी देत." मला आजवर वाटायचं की दिवा आपोआप लागतो आणि विझतो. वडिलांच्या होडीवर जीपीएस आहे, त्यांना यातलं फारसं ठाऊक नाही. वेताळाच्या दर्शनाला बेटावर जाते, पण बत्तीच्या आत कधी गेले नाही. ती चावी कशाची? आणि ही बत्ती किती जुनी?

कोट_आणि_खंदक
बत्ती 1867 ची, इंग्रजांच्या काळातली. पण ती उभी आहे शिवाजी महाराजांच्या किल्ल्यात. 1679 मध्ये महाराजांच्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारी यांनी इथे बांधकाम सुरू केलं आणि मुंबईच्या इंग्रजांनी ते थांबवायला गलबतं पाठवली. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचं ठाणं त्यांना नको होतं. पुढच्याच वर्षी सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. ज्या जागेसाठी एवढी झुंज झाली, तिथेच पुढे जहाजांना वाट दाखवणारा दिवा लागला. तटावरून मुंबईकडे पाहिलं की जागेचं महत्त्व लगेच कळतं.

जुना_बत्तीवाला
बेटा, तुझे आजोबा अगदी बरोबर सांगतात. मी खांदेरीवर नव्हतो, दक्षिणेकडच्या एका बेटावर बत्तीवर नोकरी केली. माझ्या उमेदीच्या वर्षांत तिथे अजून रॉकेलची बत्ती होती.

पहिली गोष्ट, अशा बत्तीत दिवा विझत नाही. तो संध्याकाळपासून सकाळपर्यंत एकसारखा जळतो. त्याच्याभोवती माणसाहून उंच काचेचं भिंग असतं, लोलकांची कडी एकावर एक रचलेली. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने 1820 च्या सुमारास ते शोधलं. दिव्याचा चहूकडे पसरणारा उजेड ते गोळा करून झोतात बांधतं. भिंग फिरतं, झोत समुद्रावरून फिरतो आणि तो तुमच्या डोळ्यांवरून गेला की तुम्हाला वाटतं, बत्ती लुकलुकली. एका फेरीत किती झोत आणि किती अंतराने, हे ठरलेलं असतं. त्यावरूनच नाखवा बत्ती ओळखतो.

भिंग फिरवायचं काम घड्याळाचं. मनोऱ्याच्या पोटात साखळीला जड वजन टांगलेलं, ते हळूहळू उतरतं आणि चक्रं फिरतात. वजन तळाला पोचायच्या आत हँडल मारून परत वर घ्यायचं. हीच ती चावी. दोन-तीन पाळ्या असायच्या, पण पावसाळ्यात जोडीदार तापाने पडला तर एकट्याने रात्र काढावी लागे. होडी येत नसे, बदली माणूस कुठून येणार?

दिवा म्हणजे मोठी पेट्रोमॅक्सच समजा. दाबाने रॉकेलची वाफ करायची, ती मँटलमध्ये, म्हणजे कापडी जाळीत, जळायची. मँटल एकदा पेटलं की राखेसारखं नाजूक होतं, बोट लागलं तरी फुटतं. काही टन वजनाचं भिंग पाऱ्यावर तरंगत असल्यामुळे हाताने ढकललं तरी फिरे. तो पारा आम्ही गाळून साफ करायचो. त्याची वाफ विषारी असते हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

आणि दिवसा पडदे! लोकांना वाटे ऊन लागू नये म्हणून. खरं कारण वेगळं होतं. हेच भिंग सूर्याचा उजेड उलटा आत गोळा करतं आणि आग लागू शकते. सकाळी दिवा शांत केला की पहिलं काम पडदे ओढायचं.

मासेवाली_सून
काका, आता हे सगळं बंद झालं?

जुना_बत्तीवाला
हो. आधी वीज आली, मोटर आली, आता सौर पॅनल आणि एलईडी. एलईडीला भिंग फिरवायची गरजच नसते, ती स्वतःच लागते आणि विझते. पृथ्वीची गोलाई मात्र तशीच आहे. दिवा पाण्यापासून 50 मीटरवर असला तर अगदी पाण्यालगतच्या डोळ्याला तो साधारण 14-15 सागरी मैलांवरूनच दिसतो, मग तो कितीही प्रखर असो. थळच्या लेकी, आजोबांना एक विचार: दिवा दिसायच्या आधी त्यांना काय दिसायचं?

थळची_लेक
विचारलं. जाळं बाजूला ठेवून त्यांनी हात आडवा फिरवून दाखवला. म्हणाले, "आधी आभाळात उजेडाची पात फिरते. ती दिसली की वल्ही सोडून आम्ही बिडी पेटवायचो."