भाचीसाठी सल्ला हवा: कर्ज काढून खासगी विद्यापीठात बायोटेक की अनुदानित कॉलेजात बी.एस्सी.?

सोलापूरकर_मामा
नमस्कार मंडळी. भाची बारावी झाली, पीसीबी, ८१ टक्के. नीटमध्ये सरकारी एमबीबीएस लागेल एवढे मार्क नाहीत आणि रिपीट तिला करायचंच नाही, पण बायोलॉजी मनापासून आवडते. पुण्याजवळ एका खासगी विद्यापीठात चार वर्षांचं बायोटेक मिळतंय, फी वर्षाला अडीच लाख, हॉस्टेल-मेस धरून आणखी लाखभर. दाजींचं किराणा दुकान आहे, साठवलेले ३ लाख आहेत, आणि कर्ज ५ लाखांच्या वर नको असं ताईने स्पष्ट सांगितलंय. दुसरा पर्याय अनुदानित कॉलेजात साधी बी.एस्सी., तिथली फी याच्यापुढे किरकोळ. मला एवढंच कळायचंय की पदवीनंतर हातात पगार किती येतो आणि त्यात हप्ता बसतो का. परदेश नको, नीट नको.

कोथरूडचे_काका
बजेटचं नंतर बघा हो. आमच्या चिरंजीवांनी ४० लाख कर्ज काढून अमेरिकेत एमएस केलं, आज बोस्टनजवळ बायोटेक कंपनीत आहे, कर्ज केव्हाच फिटलं. शिक्षणाला हात आखडता घेऊ नये. मुलीला बाहेरच पाठवा.

लातूरची_आई
एक वर्ष रिपीट करू द्या. माझ्या मुलीचे दुसऱ्या वेळेला दीडशे मार्क वाढले. ८१ टक्केवाल्या मुलीला बी.एस्सी. म्हणजे वाया घालवणं आहे.

क्यूसी_मायक्रो
मामा, मी फार्मा कंपनीत क्यूसीला (औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात) आहे, एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. आमच्याकडे नुसत्या बी.एस्सी.वर येणाऱ्या पोरांना हातात १६-१८ हजार मिळतात, शिफ्ट ड्यूटी, मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) बनवा, प्लेटांवरचे जंतू मोजा, रेकॉर्ड भरा. त्यात खासगी विद्यापीठातून बायोटेक करून आलेला मुलगा आणि तालुक्याच्या कॉलेजातला मुलगा एकाच टेबलावर बसतात आणि पगार दोघांना तेवढाच. इंटरव्ह्यूला ग्रॅम स्टेनिंग, एचपीएलसी असल्या लॅबमधल्या तपासण्यांबद्दल विचारतात, तुम्ही फी किती भरली कोणी विचारत नाही. मायक्रो घ्या, अनुदानित कॉलेजात घ्या.

बँक_निवृत्त
आधी बेरीज करा. तीन आणि पाच झाले आठ, फीच दहा लाख आहे, हॉस्टेल धरून चौदा. म्हणजे ताईंची मर्यादा आजच मोडलीय, दहा-अकरा लाख कर्ज लागणार.
आता १० लाख साडेदहा टक्क्याने धरू, दरवर्षी अडीच लाख उचलले. शिक्षण आणि वर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. पाच वर्षं संपताना नुसतं सरळव्याज पावणेचार लाखांच्या आसपास होतं, म्हणजे फेड सुरू होते साधारण पावणेचौदा लाखांवर. दहा वर्षांचा हप्ता साडेअठरा हजार. पंधरा वर्षांचा केला तर पंधरा हजार, पण मग एकूण सत्तावीस लाख भरायचे. वर क्यूसीवाल्यांनी सांगितलेला पगार बघा आणि तुम्हीच ठरवा.
बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या मॉडेल स्कीममध्ये ४ लाखांपर्यंत जामीनदार लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण पालक सहकर्जदार असतातच.

कोथरूडचे_काका
व्याजाचं एवढं काय, आयकरात शैक्षणिक कर्जाचं सगळं व्याज उत्पन्नातून वजा होतं.

बँक_निवृत्त
जुन्या करप्रणालीतच, आणि आठच वर्षं. आणि १८ हजार पगारावर मुळात टॅक्सच बसत नाही तर वजा कशातून करणार?

कोथरूडचे_काका
पगार १८ हजारच राहणार असं धरून का चालायचं? आमच्या मुलाचा...

दीपा_एस
काका, धागा दाजींच्या दुकानाचा आहे.
मामा, मी असंच एका खासगी ठिकाणी बायोटेक केलं. माहितीपत्रकात १०० टक्के प्लेसमेंट होतं. प्रत्यक्षात कॅम्पसला आले ते मेडिकल कोडिंगवाले (दवाखान्यांच्या नोंदींना कोड द्यायचं कॉम्प्युटरवरचं काम) आणि कोर्स विकायला फोनवर बसवणारे, ती ऑफर नाकारली तरी यादीत 'प्लेस्ड' म्हणून नाव लागलं. बाबांचा अजून हप्ता जातोय. प्रवेश घ्यायच्या आधी मागच्या बॅचमधल्या चार जणांना गाठून विचारा: कंपनी कोणती, पद काय, हातात किती. कॉलेजकडून सरासरी पॅकेज ऐकू नका.

रिसर्च_स्कॉलर
क्यूसीवाल्यांचं आणि दीपाचं दोघांचंही बरोबर आहे पण एक राहतंय, बायोलॉजीत नुसत्या पदवीवर पगार मोजूच नये. खरा फरक एम.एस्सी. कुठून करता यावर पडतो आणि तिथला प्रवेश आयआयटी-जॅम किंवा गॅट-बी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षांमधून होतो, त्याला पदवी कुठल्या कॉलेजची हे बघत नाहीत. पुढे जेआरएफ (पीएचडी करताना मिळणारी सरकारी फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार आणि वर घरभाडं, म्हणजे पीएचडी करताना कर्ज लागत नाही. पण जागा मोजक्या असतात, अभ्यास जबर लागतो आणि पीएचडीला पाच वर्षं सहज जातात, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. कर्ज काढायचंच तर एम.एस्सी.साठी राखा.

फॉरेस्टचा_नाद
थोडं विषयांतर. यूपीएससीच्या भारतीय वनसेवेला पात्र विषयांची यादी आहे, त्यात बॉटनी, झूलॉजी आहे, बायोटेक आणि मायक्रो नाही. अ‍ॅग्री, इंजिनिअरिंग चालतं. मित्राला हे फॉर्म भरताना कळलं.

क्यूसी_मायक्रो
वनसेवा किती जणांना मिळते? मायक्रोला निदान नोकरी तरी लागते.

लातूरची_आई
म्हणून म्हणते रिपीट करा. नाहीतर बी.फार्म. घ्या, कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रवेश मिळाला आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं तर ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना २०२४ पासून फी माफ आहे. खासगी अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ते लागू नाही.

बँक_निवृत्त
हे लातूरच्या ताईंनी उपयोगाचं सांगितलं. केंद्राचं पीएम विद्यालक्ष्मी पण बघा, ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असताना ३ टक्के व्याज सवलत आहे, मात्र संस्था त्यांच्या यादीत पाहिजे आणि मॅनेजमेंट कोटा चालत नाही.

सोलापूरकर_मामा
सगळ्यांचे मनापासून आभार. बँकवाल्या साहेबांचा हिशोब कागदावर लिहून दाजींना दाखवला, खासगी विद्यापीठ तिथेच बाद झालं. फीमाफीमुळे ताईला बी.फार्म. पटलं होतं, मी मायक्रोच्या बाजूने होतो, पण भाचीने हा सगळा धागा वाचला आणि वनसेवेच्या ओळीवर अडकून बसली. तिला बॉटनीच करायचीय, तीही कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात पुढे एम.एस्सी. करता येईल आणि सह्याद्री जवळ आहे म्हणून. अनुदानित कॉलेजात फॉर्म भरला. राहण्या-खाण्याचा खर्च साठवलेल्यातून भागेल, कर्ज एम.एस्सी.च्या वेळी, तेही ४ लाखांच्या आतलं. बॉटनी इथे कोणीच सुचवली नव्हती हे मला माहीत आहे, पण हप्ता नसेल तर पोरीला तिच्या मनाचा विषय घेऊ द्यायला घर तयार आहे.
कोल्हापुरात राजारामपुरीच्या बाजूला मुलींसाठी चांगली मेस कोणाला माहीत आहे का?

क्यूसी_मायक्रो
बॉटनी घेताय तर जोडीला टिश्यू कल्चरचं (लॅबमध्ये झाडाच्या तुकड्यापासून रोपं तयार करायचं) काम तरी शिकून घेऊ दे, रोपवाटिका आणि केळीच्या लॅबमध्ये ते लागतं. मेसचं आत्येबहिणीला विचारून सांगतो.

लातूरची_आई
अजून वेळ गेलेली नाही, रिपीटच्या बॅचेस जुलैपर्यंत भरत असतात.