वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चा: पाहुणे कमी करावेत की माइक बंद करावेत?

आठवी खिडकी (धागाकर्ता)

रात्रीच्या चर्चेतल्या कलकलाटाचं खापर नेहमी अँकरवर फुटतं. माझ्या मते दोष आखणीतच आहे. एक तासाचा कार्यक्रम धरा. नियमाप्रमाणे जाहिराती आणि वाहिनीचे स्वतःचे प्रोमो मिळून जास्तीत जास्त १२ मिनिटं. सुरुवातीचं निवेदन, बाइट (आधी मुद्रित केलेल्या छोट्या प्रतिक्रिया) आणि प्रत्येक ब्रेकनंतरची उजळणी यांत आठेक मिनिटं जातात. उरलेल्या ४० पैकी १२ अँकरचेच प्रश्न खातात. राहिली २८ मिनिटं, पडद्यावर आठ पाहुण्यांच्या आठ खिडक्या. म्हणजे माणशी साडेतीन मिनिटं, तीही दोन-तीन तुकड्यांत! पुढची पाळी पंधरा मिनिटांनी येणार हे ठाऊक असलेला प्रवक्ता मध्ये घुसणारच.

माझा प्रस्ताव: पाहुणे चारच. पहिल्या फेरीत प्रत्येकी दोन मिनिटं आणि तेवढा वेळ बाकीचे माइक बंद. अमेरिकेत २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या पहिल्या वादफेरीचा विचका झाला, तेव्हा २२ ऑक्टोबरच्या शेवटच्या फेरीत हाच उपाय केला आणि तो चालला.

तिरकस

साफ असहमत. तिथे दोनच उमेदवार होते आणि वादफेऱ्या भरवणारा आयोग कुठल्याही वाहिनीचा नव्हता. इथे माइकचं बटण वाहिनीच्याच कंट्रोल रूममध्ये. आज प्रवक्त्याला मध्येच तोडलं तर निदान ते ऐकू येतं. माइक बंद केलात की तो बोलायला बघत होता याचाही पुरावा उरणार नाही.

आणि चार म्हणजे कोणते चार? २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटल्यावर नुसते मोठे पक्षच सहा झाले. चौघांत कुणाला गाळणार? ज्याला गाळाल तो दुसऱ्या दिवशी वाहिनीवर बहिष्कार घालेल. मग विषयाचा जाणकार बसवायचा कुठे?

आठवी खिडकी

सहाही पक्ष प्रत्येक विषयाला हवेत कशाला? पीक विमा घ्या. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला, २०२५ मध्ये ती सवलत गेली आणि हप्ता पुन्हा खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना पाच टक्के झाला. त्याबरोबर भरपाईही पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर आली. हे प्रयोग कसे घेतात, उंबरठा उत्पन्न (ज्याच्या खाली गेलं की भरपाई मिळते ते) कसं काढतात, हे सांगणारा एक माणूस हवा. एक सत्तेतला, एक विरोधातला, एक शेतकरी संघटनेचा. झाले चार. सहा प्रवक्ते बसवलेत की पहिल्या ब्रेकच्या आत 'तुमच्या काळात काय झालं' सुरू.

फेडर

दोघांनीही आवाजाचं गणित सोडलंय. उपग्रहावरून जोडलेला पाहुणा घ्या. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. त्यावरून आवाज एका बाजूने यायला पाव सेकंद लागतो. म्हणजे अँकरचा प्रश्न संपल्यापासून उत्तराचा पहिला शब्द परत येईपर्यंत किमान अर्धा सेकंद शांतता. अँकरला वाटतं पाहुण्याला ऐकू गेलं नाही, तो पुन्हा 'बोला, बोला' म्हणतो. ते पाहुण्याच्या कानात ऐन वाक्यात पोचतं, तो थांबतो, मग दोघे एकदमच सुरू. इंटरनेटवरून जोडलेल्यांचा विलंब तर प्रत्येकाचा वेगळा आणि दर मिनिटाला बदलणारा. बाहेरचे दोघे एकमेकांशी भिडले की आवाज स्टुडिओमार्गे जातो, म्हणजे दोन्ही विलंबांची बेरीज. त्यांनी कितीही सभ्यपणा ठरवला तरी टक्कर व्हायचीच.

दुसरी गफलत मिक्स मायनसची. पाहुण्याच्या कानात त्याचा स्वतःचा आवाज वगळून बाकी सगळं जायला हवं. आठ पाहुणे म्हणजे अशी आठ वेगळी मिश्रणं. घाईत एक चुकलं की त्याला आपलाच आवाज उशिराने ऐकू येतो आणि तो अडखळतो. प्रेक्षक म्हणतात, याला उत्तर सुचेना.

माइक सरसकट बंद ठेवण्यातही अडचण आहे: फेडर (माइकचा आवाज वरखाली करणारी पट्टी) उघडेपर्यंत पहिला शब्द जातो. त्यापेक्षा अँकरने आधी नाव घ्यावं, मग प्रश्न विचारावा आणि पूर्ण एक सेकंद गप्प राहावं. ज्या दोघांत खरा वाद आहे त्यांना तरी स्टुडिओत शेजारी बसवावं. समोर माणूस दिसला की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

ताळेबंद

स्टुडिओत बसवायला गाडी, मेकअप, वेळ. आठ खिडक्या इंटरनेटवर जवळजवळ फुकट पडतात, पक्षप्रवक्ते मानधनही मागत नाहीत. त्याच तासाचा ऐवज गावोगाव बातमीदार आणि कॅमेरा पाठवून उभा करायचा तर खर्च कितीतरी पट. मार्च २०२२ पासून बातम्यांच्या वाहिन्यांचं रेटिंग चार आठवड्यांच्या सरासरीवर निघतं, त्यामुळे एका रात्रीच्या भांडणाचा फायदा तिथे पातळ होतो. पण त्याच भांडणाची मिनिटभराची क्लिप यूट्यूबवर चालते. शांत दोन मिनिटांची कुणी क्लिप करत नाही.

वाटाण्याच्या अक्षता

तुम्ही सगळे आवाजावर अडलात. सामाजिक विषयांत खरा घोळ जोड्या लावण्यात आहे. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. चर्चा मात्र 'श्रद्धा विरुद्ध कार्यकर्ता' अशीच. संबंधित कृत्य कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे बंदी असलेल्या कृत्यांच्या यादीत बसतं का, गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदला, हे विचारायला वकील नसतोच. माइक बंद ठेवून ही जोडी कितीही सभ्यपणे बोलली तरी प्रेक्षकाच्या हाती काय लागणार?

अत्याचाराच्या प्रकरणात तर पाहुण्याने ओघात पीडितेचं किंवा तिच्या नातेवाइकांचं नाव घेतलं की गुन्हा. पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम २२८ अ, आता भारतीय न्याय संहितेचं ७२. नुसतं गावाचं नाव आणि नातं सांगितलं तरी ओळख उघड होते. अशा विषयावर थेट प्रक्षेपण हवंच कशाला? अर्धा तास आधी चित्रीकरण करा.

फेडर

थेटच करायचं तर प्रक्षेपण सहा-सात सेकंद मागे ठेवता येतं, तेवढ्यात शब्द गाळता येतो. मात्र पाहुण्याच्या कानात विलंबाआधीचाच आवाज द्यायचा. आणि पाहुण्याने घरचा टीव्ही बंद ठेवायचा, नाहीतर त्याचाच माइक सहा सेकंद जुना कार्यक्रम परत पाठवतो.

तिरकस

आधी चित्रीकरण करायला माझा विरोधच. मग कापाकापी कोण तपासणार? थेट प्रक्षेपणात चूक झाली तर रस्ता आहे. केबल टीव्हीच्या २०२१ च्या नियमांनुसार आधी वाहिनीकडे तक्रार. २४ तासांत पोच, १५ दिवसांत निर्णय. पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्याच स्वयंनियमन संस्थेकडे अपील. तारीख, कार्यक्रम, नेमकं मिनिट आणि बोललेले शब्द लिहून द्या, 'चर्चा एकांगी होती' एवढ्यावर काही होत नाही. वाहिनीला मुद्रण ९० दिवस जपावं लागतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच लिहा.

ताळेबंद

रस्ता आहे, पण स्वयंनियमन संस्थेचा दंड? जास्तीत जास्त एक लाख. हा दंड निष्प्रभ असल्याचं सर्वोच्च न्यायालयानेच ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटलं होतं. एका रात्रीच्या जाहिरातींपुढे तो खर्चाच्या रकान्यातही दिसणार नाही.

आठवी खिडकी

तक्रारीचा निकाल लागेपर्यंत महिना-दोन महिने जातात, चर्चा रोज होते. फेडर यांची एक सेकंदाची सूचना मात्र उद्यापासून अमलात येईल, पैसे न लागता. तिरकस, पहिल्या फेरीपुरता बंद माइक आणि पडद्यावर प्रत्येकाच्या नावाखाली उलटं चालणारं घड्याळ, असं केलं तर चालेल का? कुणाला किती वेळ मिळाला हे निदान सगळ्यांना दिसेल.

तिरकस

घड्याळ चालेल. बटण नाही.