शब्द हवा : 'सॉलिड स्टेट ट्रान्सफॉर्मर'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरी : डिप्लोमाच्या मुलांसाठी पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची टिपणं मराठीत करतेय. 'घनावस्था रोहित्र' लिहिलं, तर भावानं वाचून विचारलं, "म्हणजे बिनतेलाचा ना?" त्याला ड्राय टाइप वाटला, रेझिनमध्ये ओतलेला. शब्द बदलू का?

जुनावाइंडर : बदलाच. साधा ट्रान्सफॉर्मर काय पातळ असतो? पत्र्यांची चळत आणि तांबं, दोन्ही घनच. 'सॉलिड स्टेट' हे नाव व्हॅक्यूम ट्यूबच्या जमान्यातलं. ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन पोकळीतून जायचे, इथे ते स्फटिकातून जातात, एवढाच त्या 'सॉलिड'चा अर्थ. आजच्या पोरानं ट्यूब पाहिलेलीच नसते, मग हाती उरतो नुसता 'घन'. त्यात टायपिंगमध्ये घ चा ध झाला की झाली 'धनावस्था'!

संस्कृतवेडी : 'रोहित्र' मात्र सोडू नका. रुह् म्हणजे चढणं, आरोह-अवरोह त्यातलेच. पुढे साधन दाखवणारा 'इत्र'. पाणिनीकडे खनित्र (खणायचं), लवित्र (कापायचं), अरित्र (वल्हं) आहेत. जनित्र आणि रोहित्र त्याच घाटाचे. महावितरणच्या कागदांत रोहित्रच असतं, गावात मात्र 'डीपी उडाली'.

भाषांतरी : पण हे यंत्र नुसतं चढ-उतार करत नाही ना? एसीचं डीसी, डीसीचं परत एसी…

जुनावाइंडर : बरोबर. खरं रोहित्र त्याच्या पोटात असतं, छोटंसं. ५० हर्ट्झचं आधी डीसी करायचं, स्विचेसनी त्याची समजा २० किलोहर्ट्झची चौकोनी लहर करायची आणि ती त्या छोट्यातून न्यायची. पलीकडे पुन्हा डीसी, लागलं तर एसी.

छोटं किती, ते मात्र नीट लिहा. वारंवारता ४०० पट झाली म्हणून गाभा ४०० पट लहान होत नाही. नेहमीच्या गाभ्याचं सिलिकॉन स्टील १.६ टेस्लापर्यंत (टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं माप) चालवता येतं, या छोट्याच्या गाभ्यातलं फेराइट, म्हणजे चुंबकीय सिरॅमिक, तापू नये म्हणून ०.२ च्या आसपास ठेवावं लागतं. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या व्होल्टेजच्या सूत्रातला ४.४४ हा आकडा साइन लहरीचा, चौकोनीला ४. गणित केलं तर तेवढ्याच व्होल्टेजला, तेवढ्याच वेढ्यांत, गाभ्याचा छेद सुमारे ४५ पट लहान. तेही काही कमी नाही म्हणा.

माझं मत 'इलेक्ट्रॉनिक रोहित्र'ला. रेल्वेतही याला 'पॉवर इलेक्ट्रॉनिक' असंच म्हणतात. एबीबी या कंपनीनं २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका शंटिंग इंजिनावर असा ट्रान्सफॉर्मर चालवून पाहिला. तिथली लाइन १५ किलोव्होल्ट, १६.७ हर्ट्झ. इतक्या कमी वारंवारतेला नेहमीचा ट्रान्सफॉर्मर फारच बोजड होतो.

भाषांतरी : पटलं. आणखी एक, 'लीकेज इंडक्टन्स'ला 'गळती प्रवर्तकता' लिहिलंय.

जुनावाइंडर : इथे तर जास्त घोळ आहे. आपल्याकडे वीजगळती म्हणजे आकडे टाकून चोरलेली किंवा तारांत वाया गेलेली वीज. हे तसं नव्हे. ड्युअल ॲक्टिव्ह ब्रिज घ्या, म्हणजे त्या छोट्या ट्रान्सफॉर्मरभोवतीची स्विचेसची जोडणी. ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंना चार-चार स्विच. एका बाजूची लहर दुसरीच्या किंचित पुढे सरकवली की वीज पुढच्या बाजूकडून मागच्या बाजूकडे जाते, आणि ती या इंडक्टन्सच्या जोरावरच. तो फार कमी असेल तर लहर जराशी सरकली तरी करंट भसकन वाढतो. म्हणून वाइंडिंगमध्ये मुद्दाम अंतर ठेवतात, नाहीतर वेगळी चोक, म्हणजे जादा कॉइल, लावतात. 'गळती' वाचून पोरगं ती बुजवायला बसेल.

संस्कृतवेडी : जर्मनमध्ये यालाच 'विखुरणं' या अर्थाचा शब्द आहे, 'श्ट्रॉयउंग'. दुसऱ्या वाइंडिंगला न भेटता बाहेर विखुरलेला फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह. 'विखुर-प्रवर्तकता' कसं वाटतं?

जुनावाइंडर : अर्थाला चोख. आमच्या शॉपवर कुणी म्हणणार नाही, पण पुस्तकात चालेल. पहिल्यांदा येईल तिथे शेजारी 'लीकेज' लिहा.

भाषांतरी : लिहिते. आणि ब्रिजला 'दुहेरी सक्रिय सेतू'?

जुनावाइंडर : नको हो. सेतू म्हटलं की पोरं उत्पन्नाचा दाखला काढायला जातील.