कमी दिवसांचं बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात): घरच्यांनी काय करायचं आणि मदत द्यायची तर कशी?

आत्या_३०:
भावाचं बाळ ३० आठवडे पूर्ण होताच झालं, वजन १३०० ग्रॅम. श्वासाचा आधार आता काढलाय, दूध नळीने चालू आहे. डॉक्टर कांगारू (बाळाला उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून धरणं) सुरू करा म्हणतात, पण वहिनीचं सिझर झालंय, तिला ताठ बसवत नाही. दूध एका वेळी जेमतेम ५ मिली निघतं, त्याचा तिने फार धसका घेतलाय. घरातल्या बाकीच्यांनी नेमकं काय अंगावर घ्यावं? आणखी एक, अशा बाळांसाठी सगळ्यांनी मिळून काही रक्कम बाजूला काढली आहे. काचेची पेटीच (बाळाला ऊब देणारा इन्क्युबेटर) घेऊन द्यावी असं काहींचं म्हणणं आहे. ते योग्य ठरेल का?

नवजात_परिचारिका:
आधी वहिनींना सांगा, ५ मिली कमी नाही. एवढ्या वजनाच्या बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी साधारण २-३ मिलीच देतात. दूध जितकं निघेल तितकंच पुढे तयार होतं, त्यामुळे एका वेळी किती निघालं यापेक्षा किती वेळा काढलं हे बघा. २४ तासांत ८ ते १० वेळा, त्यात रात्री एकदा तरी हवंच. पहिले काही दिवस हातानेच काढा, कारण चीक घट्ट असतो आणि पंपाच्या नळीला चिकटून वाया जातो. पान्हा फुटल्यावर दोन्ही बाजूंचं एकदम काढणारा पंप वापरा. कांगारूनंतर लगेच काढलं तर बहुतेक वेळा जास्त निघतं.

इथे घरच्यांचं खरं काम आहे. पंपाचे भाग दर वेळी सुटे करून धुणं, बाटलीवर तारीख-वेळ लिहिणं, बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवून दूध पोचवणं, हे सगळं दुसऱ्या कुणीतरी करावं. बाळंतिणीने झोपावं. ताजं कोमट दूध फ्रिजमधल्या गार दुधात ओतू नका. मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात तापवू नका, मधे कुठेतरी ते चटका बसण्याइतकं गरम होतं.

कांगारूला ताठ बसायची गरज नाही. मागे रेललेली खुर्ची किंवा उशा लावलेला पलंग चालतो. तोवर बाबांनी सुरू करावं, आत्यानेही करावं. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. छातीवर उभं धरायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, डोकं एका कुशीला. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दबते, म्हणून मान किंचित वर हवी. बांधायच्या कापडाची वरची कड कानाच्या खालपर्यंत आणा. एका बैठकीला निदान एक तास द्या, सारखं उचल-ठेव केल्याने बाळ दमतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारस तर दिवसाला ८ ते २४ तासांची आहे. श्वास २० सेकंद थांबला किंवा ओठ निळसर दिसले तर लगेच हाक मारा. सर्दी झालेल्याने किंवा अत्तर लावलेल्याने बाळाला घेऊ नये.

उपकरण_दुरुस्ती:
पेटी देऊ नका, निदान त्या विभागाने स्वतःहून लेखी मागितल्याशिवाय तरी नाही. दान आलेली पेटी बंद पडते ती बहुधा छोट्या गोष्टीपायी: त्वचेचं तापमान मोजणारी वायर तुटते, हवेचा फिल्टर तुंबतो, विजेच्या चढउताराने कंट्रोल बोर्ड जळतो. त्या मॉडेलचा सुटा भाग मिळत नाही आणि पेटी भिंतीकडेला जाते.

ऑक्सिजनच्या यंत्राबाबत तर फारच जपून. १९४० आणि ५० च्या दशकांत भरमसाट ऑक्सिजनमुळे हजारो अपुऱ्या दिवसांच्या बाळांची दृष्टी गेली. हवा आणि ऑक्सिजन मोजून मिसळणारा ब्लेंडर व रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर सोबत नसेल, तर नुसतं ऑक्सिजनचं यंत्र देणं धोक्याचं. ऑक्सिजन चालू असताना बाळाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्क्यांत राखतात, आणि ते मोजायला पावलाला लावायचा इवलासा प्रोब (सेन्सर) लागतो. हाच प्रोब सारखा खराब होतो.

म्हणून संपणाऱ्या आणि तुटणाऱ्या वस्तूंसाठी पैसे द्या: प्रोब, सीपॅपच्या (सतत हवेचा दाब देऊन श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राच्या) नाकात बसणाऱ्या लहान मापाच्या नळ्या, दुधाच्या नळ्या, फिल्टर, दुरुस्तीचा वार्षिक करार. मागे रेलणाऱ्या खुर्च्याही द्या, त्यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही.

पाठपुरावा_कक्ष:
मी मानवी दूधपेढीचा (दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध अशा बाळांना पुरवणाऱ्या केंद्राचा) विचार करायला सांगेन. दात्या आईची रक्ततपासणी, ६२.५ अंशांवर ३० मिनिटं पाश्चरीकरण, नंतर जंतूंची चाचणी हा खर्च रोजचा आहे. एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरमहाची छोटी रक्कम तिथे जास्त उपयोगी पडते. १७ नोव्हेंबरच्या जागतिक अकाली-जन्म दिनाला देणग्या मागितल्या जातात, पण पेढी बाराही महिने चालवावी लागते.

संस्था निवडताना विचारा: लेखापरीक्षित हिशेब दाखवता का? बाळ घरी गेल्यावर पुढचा पाठपुरावा कोण करतं? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर मी तिथे पैसे देणार नाही. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर साधारण चौथ्या आठवड्याला येते, आणि बाळ दिसायला छान असलं की नेमकी तीच चुकते. पडद्यावर चुकीच्या पद्धतीने वाढणाऱ्या रक्तवाहिन्या बाहेरून दिसत नाहीत, उपचाराला मात्र मोजकेच दिवस हातात असतात. प्रवासखर्च देऊन आईला त्या तारखेला आणणारी संस्था फार मोलाचं काम करते.

तुमच्या बाळासाठीही लक्षात ठेवा: ते १० आठवडे आधी आलंय. मान धरणं, बसणं यांचा अंदाज घेताना दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वजा करा. लसी मात्र खऱ्या जन्मतारखेनुसारच.

आत्या_३०:
खूप आभार. नळीने दूध चालू असताना कांगारू थांबवायचं का?

नवजात_परिचारिका:
नाही. छातीवर असतानाच नळीने दूध देता येतं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गरोदरपणापासून मोजलेल्या साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. तोवर सिस्टरांना विचारून, दूध काढून झाल्यावर बाळाला स्तनाशी धरा. ते चाटेल, हुंगेल, एखाद-दोनदा चोखेल. त्या वेळी नळीतून दूध सोडलं तर चोखणं आणि पोट भरणं यांची सांगड त्याला लागते.