बाजू घेणाऱ्या इतिहासकारावर विश्वास ठेवावा का?

लालबागची लेक: ब्रिटिश इतिहासकार ई. पी. थॉम्पसन कम्युनिस्ट पक्षात होते, पुढे अण्वस्त्रविरोधी चळवळीत उतरले, म्हणून त्यांचा इतिहास हा प्रचार, असं काल एका मित्राने ऐकवलं. मला हे मुळीच पटत नाही. लीड्सला असताना हा माणूस वर्षानुवर्षं यॉर्कशायरच्या गावांत प्रौढांचे वर्ग घेत होता. इंग्लिश कामगार वर्ग कसा घडला, यावरचं १९६३ चं जाडजूड पुस्तक त्याच काळातलं. लडाइट म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यंत्रं फोडणारे इंग्लिश कामगार. त्यांना सगळे अडाणी म्हणून मोकळे झाले होते. थॉम्पसन यांनी त्यांची पडलेली मजुरी पाहिली, त्यांना आधार देणारे पण हातचे गेलेले कायदे पाहिले. माझे वडील मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि आजही लोक त्यांच्या पिढीला 'नेत्यामागे वाहवत गेलेले' एवढंच म्हणतात.

दादरकर: वडिलांबद्दल आदर आहे, ताई. पण आपुलकी म्हणजे पुरावा नव्हे. लडाइटांच्या मागे गुप्त बंडाची तयारी होती, हा थॉम्पसनांचा निष्कर्ष तुटपुंज्या कागदांवर उभा आहे, असं त्यांच्याच क्षेत्रातल्या अभ्यासकांनी दाखवलं. शिवाय त्या पुस्तकात बायका किती? इतिहासकार जोन स्कॉट यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. बाजू घेतली की नजर आखडते ती अशी.

लालबागची लेक: बायकांचा मुद्दा मान्य, आणि तो मला लागलाही. आमची आई खाणावळ चालवायची, तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. पण १९५६ विसरू नका. हंगेरीत सोव्हिएत रणगाडे घुसले तेव्हा थॉम्पसन यांनी पक्ष सोडला. त्याआधीच पक्षातलेच इतिहासकार जॉन सॅव्हिल यांच्याबरोबर पक्षावर टीका करणारं पत्रक काढत होते. स्वतःच्या माणसांना सुनावणारा प्रचारक असतो का?

भायखळ्याचा: गिरणीमालकांचे अहवाल तरी कुठे तटस्थ होते? त्यांची मात्र संदर्भ म्हणून बिनदिक्कत गणना होते.

दादरकर: मालकांचे अहवालही तपासूनच वापरावेत, मी कुठे नाही म्हणतो? पक्ष सोडायला धैर्य लागलं, हेही खरं. पण त्या धैर्याने गुप्त बंडाचे कागद सापडत नाहीत. पुस्तकातलं लडाइटांवरचं प्रकरण एकदा तळटीपांसकट वाचा.

लालबागची लेक: वाचते. आणि रविवारी आईकडे वही घेऊन बसते. संपात उधारीवर किती ताटं वाढली, कोणी फेडली, कोण गावी निघून गेलं, तिला सगळं तोंडपाठ आहे.