आरएम करूनही डिस्क भरलेलीच, जागा गेली कुठे?

लिनक्स, 256 जीबीची एसएसडी, एकच पार्टिशन. ‘डीएफ -एच’ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) 100% दाखवतं, पण ‘डीयू’ची (फोल्डरांचे आकार मोजणारी कमांड) बेरीज जेमतेम 150 जीबी. एका चालू सर्व्हरची 20 जीबीची लॉग फाइल ‘आरएम’ने उडवली, तरी जागा तेवढीच. कामात डॉकर (अ‍ॅप वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) आणि नोडचे (जावास्क्रिप्टचे) बरेच प्रोजेक्ट आहेत. आधी काय तपासू?

प्रतिसाद 1
‘डीयू’ सुडोशिवाय, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारांशिवाय, चालवलं असेल तर बेरीज कमीच येणार. ‘/व्हार/लिब/डॉकर’ साध्या यूजरला वाचता येत नाही, त्यामुळे ते मोजलंच जात नाही. असं चालवा:
सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=1 / | सॉर्ट -एच
‘-एक्स’ (दुसऱ्या फाइलसिस्टममध्ये शिरू नको) गाळू नका, नाहीतर चालू कंटेनरचे ओव्हरले माउंट (त्याच फाइलींचं एकत्र दिसणारं रूप) दुसऱ्यांदा मोजले जातात.

लॉगचं कारण वेगळं. ‘आरएम’ने फक्त नाव जातं, प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) फाइल उघडी धरली आहे तोवर डिस्कवरचे ब्लॉक सुटत नाहीत. ‘सुडो एलएसओएफ +एल1’ (एल कॅपिटल) अशा फाइली प्रोसेसच्या क्रमांकासह दाखवतं. ती प्रोसेस रीस्टार्ट केली की जागा लगेच मोकळी. पुढच्या वेळी चालू लॉग पुसू नका, ‘ट्रंकेट -एस 0’ने रिकामा करा.

प्रतिसाद 2
डॉकरसाठी आधी ‘डॉकर सिस्टम डीएफ’ बघा, त्यातला ‘रिक्लेमेबल’ (परत मिळू शकणारी जागा) रकाना महत्त्वाचा. बिल्ड कॅशे (इमेज बनवताना साठवलेले तुकडे) मोठा असेल तर ‘डॉकर बिल्डर प्रून’; त्यात डेटा जात नाही, फक्त पुढचं बिल्ड हळू होतं. नंतर ‘डॉकर इमेज प्रून -ए’, म्हणजे न वापरलेल्या इमेज (कंटेनरचे साचे) जातात.

व्हॉल्यूमना (कंटेनरचा डेटा जपणारी जागा) मात्र घाईने हात लावू नका, कळकळीची विनंती. ‘कंपोज डाउन’ (प्रोजेक्टचे कंटेनर बंद करून काढणारी कमांड) केल्यावर कंटेनर उरत नाही, म्हणून डेटाबेसचा व्हॉल्यूमही ‘न वापरलेला’ ठरतो. डॉकरच्या आवृत्ती 23 पासून ‘व्हॉल्यूम प्रून’ फक्त निनावी व्हॉल्यूम काढतं, पण ‘-ए’ लावलंत तर नाव दिलेलेही जातात. आधी डेटाबेसचा डंप (प्रत) घ्या. ‘/व्हार/लिब/डॉकर’मध्ये शिरून हाताने ‘आरएम’ तर कधीच नको, डॉकरची नोंद आणि डिस्कवरचं वास्तव जुळेनासं होतं.

प्रतिसाद 3
नोडसाठी, प्रोजेक्टची डाउनलोड केलेली पॅकेजं ठेवणारे ‘नोड_मॉड्यूल्स’ फोल्डर शोधा:
फाइंड ~ -नेम नोड_मॉड्यूल्स -टाइप डी -प्रून -एक्झेक डीयू -एसएच {} + | सॉर्ट -एच
‘-प्रून’मुळे आतले नोड_मॉड्यूल्स पुन्हा मोजले जात नाहीत. यादी नीट वाचा: एडिटरच्या एक्स्टेन्शनचे फोल्डरही त्यात येतात, ते ठेवा. बंद पडलेल्या प्रोजेक्टचे खुशाल काढा. लॉक फाइल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) असेल तर ‘एनपीएम सीआय’ त्याच आवृत्त्या परत आणतं.

शिवाय सिस्टमच्या लॉगनी किती जागा घेतली ते ‘जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज’ने बघा. आकडा मोठा असेल तर सुडोने ‘जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=200एम’ चालवा.