‘पुरुषी’ बाथरूमच्या फरश्या: कोणता रंग घेतलात, पस्तावलात का?

आरशामागे
काल बाथरूमचा आरसा उतरवला. सोमवारपासून मिस्त्री तोडफोड सुरू करणार, म्हटलं आरसा तेवढा आपल्या हाताने काढू. मागे चार फरश्या निघाल्या. सहा बाय सहा इंची, फिकट गुलाबी, एकीच्या कोपऱ्याला टवका. बाकी भिंतींवर मध्ये कधीतरी पांढऱ्या चढल्या, आरशामागे मात्र कोणाचा हात पोचला नव्हता.

आणि एकदम अप्पा दिसले. बनियनवर, अर्धा गाल फेसाने भरलेला, मागे ती गुलाबी भिंत. ज्यांचा नुसता खाकरा ऐकला तरी आम्ही भावंडं पुस्तकं उघडून बसायचो, त्या माणसाने या फरश्या पसंत केल्या होत्या. लहानपणी यात काही विशेष वाटलं नाही. काल वाटलं.

आता घरात मी आणि मुलगा दोघंच. त्याला ‘पुरुषी’ बाथरूम हवंय. त्याने पाठवलेल्या चाळीस फोटोंत तेच ते: काळा, कोळशासारखा राखाडी, गर्द निळा, मध्ये एक लाकडी पट्टा आणि पितळी नळ. दिसतं झकास. पण हॉटेलच्या लिफ्टमध्ये अंघोळ करतोय असं वाटेल मला. तुम्ही असं काही केलं असेल तर लिहा. दोन-चार वर्षं वापरल्यानंतरचं लिहा, पहिल्या आठवड्यातलं नको.

निवांत
काळी चकचकीत घेऊ नका. बस. अंघोळ तीन मिनिटं, पुसणं दहा मिनिटं.

कोरडा_टॉवेल
निवांत यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि सविस्तर लिहितो कारण मी भोगलंय.

खाली-वर सगळी काळी ग्लॉसी घातली. पहिला महिना येईल त्याला दार उघडून दाखवत होतो. आमचं पाणी जड. थेंब वाळला की क्षाराचा पांढरा ठिपका तिथेच बसतो. पांढऱ्या फरशीवरही बसतच असणार, पण तिथे तो दिसत नाही. काळीवर साबणाचे ओघळ, बोटांचे ठसे, वायपर जिथे थांबला ती रेघ, सगळं दिसतं. सकाळी झडपेतून ऊन तिरपं आलं की भिंतीवर नकाशा उमटायचा. मग मी शहाणपणा केला, ॲसिड आणलं. ठिपके गेले आणि त्यांच्यासोबत सांध्यांतलं सिमेंटही गेलं. खरवडल्यासारखे झाले सांधे. काळं ग्राउट होतं, त्यावर पांढरट मीठ फुलून यायला लागलं.

तीन वर्षांनी भिंती बदलल्या. आता मध्यम राखाडी, दगडासारखा हलका कण असलेली, अर्धमॅट. डाग पडतो, पण त्या कणांत हरवतो. तुमच्या मुलाला सांगा, गडद हवाच असेल तर एकसलग रंग नको, पोत असलेला घे.

तिरसिंगराव
मुळात पुरुषी रंग म्हणजे काय ते कोणी सांगेल का? १९१८ साली अमेरिकेत लहान मुलांच्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या एका मासिकात छापून आलं होतं की गुलाबी मुलग्यांना आणि निळा मुलींना, कारण गुलाबी जास्त ठाम रंग! आणि १९५०च्या दशकात त्याच देशात गुलाबी फरश्यांच्या बाथरूमची लाट होती, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांच्या नावाने तो गुलाबी ओळखला जायचा. त्या बाथरूमांत पुरुष दाढी करतच होते. कोणाच्या मिशा गळल्याचं वाचनात नाही.

खिडकीपाशी
तिरसिंगराव रॉक्स 😄
आरशामागे, तुमचा आरसा न फुटता कसा निघाला ते सांगा आधी. आमचा चिकटवलेला आहे.

आरशामागे
माझा स्क्रूवर होता, नशीब. चिकटवलेला असेल तर मागून बारीक तार करवतीसारखी ओढतात म्हणे. आधी आरशावर चिकटपट्टीची जाळी मारा, फुटला तरी तुकडे लोंबकळतील, पायावर येणार नाहीत.

हात_कामातला
मी फरश्या बसवतो, २२ वर्षं. रंग तुम्ही कुठलाही घ्या, मला तीन गोष्टी सांगायच्यात.

खोक्यावर शेड आणि बॅच लिहिलेली असते. सगळी खोकी एकाच बॅचची घ्या, आणि मोजमापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या. एका घरी कोळशी राखाडी बसवत होतो, शेवटच्या भिंतीला दोन खोकी कमी पडली. मालक धावत जाऊन घेऊन आले. नंबर तोच, रंग तोच, बॅच दुसरी. खोक्यात सारखीच वाटत होती. भिंतीवर चढली आणि वरच्या दोन ओळी हिरवट दिसायला लागल्या. मालक म्हणाले चालेल. त्यांच्या बायकोने दारातूनच पाहिलं आणि चालणार नाही म्हणाल्या. उतरवल्या.

दुसरं, दुकानात वर पांढरे झगझगीत दिवे असतात. घरी तुम्ही पिवळा बल्ब लावणार. २७०० केल्विनच्या उजेडात राखाडी तपकिरीकडे झुकते, ६५०० ला तीच निळसर. नमुना घरी न्या, भिंतीला उभा टेका, दिवा लावून बघा. आडवा ठेवून बघू नका, भिंत आडवी नसते.

तिसरं, जुन्या लोकांना वाटतं फरशी रात्रभर पाण्यात भिजवायची. ती भिंतीची सिरॅमिक, दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिणारी. आत्ताच्या गडद मोठ्या फरश्या बहुतेक व्हिट्रिफाइड, त्या अर्धा टक्काही पीत नाहीत. नुसत्या सिमेंटच्या घोळावर धरत नाहीत, ॲडेसिव्हच लागतं. बसल्यावर नाण्याने टिचकी मारून बघा. पोकळ वाजली तर तेव्हाच सांगा, पैसे दिल्यावर नाही.

कोरडा_टॉवेल
“भिंत आडवी नसते” हे वाक्य फ्रेम करून लावणार.

दोन_पोरांची_आई
(मोरीतूनच टाइप करतेय.) आमच्याकडे गर्द निळा. नवरा, दोन मुलगे, तिघांचं एकमत, माझं मत विचारलं पण ऐकलं नाही. दिवसा सुंदर दिसतो, खोटं नाही बोलणार. रात्री एक दिवा असला की सरळ काळा. मग आरशावर एक आणि शॉवरपाशी एक असे दोन दिवे वाढवले तेव्हा परत निळा झाला. गडद भिंत उजेड पिते, हे आधी कोणी सांगत नाही.

बाकी पुरुषी बाथरूमची माझी व्याख्या एकच, जे पुरुष स्वतः घासतात ते. आमच्याकडे पाळी लावलीय. पाळी लागल्यापासून धाकटा म्हणतो, आई पुढच्या वेळी पांढरा घेऊ.

निवांत
😂😂 धाकट्याला माझ्याकडून शाबासकी

खिडकीपाशी
पाळीचा तक्ता कुठे लावलाय? आमच्याकडे फ्रिजवर लावला होता, तो चुंबकासकट गायब झाला.

दोन_पोरांची_आई
दाराच्या आतून. बसल्यावर समोर येतो, सुटका नाही.

डावा_मोजा
मी सुंदर राखाडी बाथरूम केलं. निदान माझ्या मते.

बायको आठवडाभर बाहेर होती, म्हटलं परत येईपर्यंत उरकून टाकू. फिकट राखाडी भिंती, खाली गडद. आली, दार उघडलं, आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, “गुलाबी?” मी म्हटलं कुठे गुलाबी? ती म्हणाली, सगळीकडे.

लाल-हिरवा रंगांधळेपणा. वयाच्या ३६व्या वर्षी कळलं. फिकट गुलाबी आणि राखाडी मला एकच दिसतात. डॉक्टरांनी ठिपक्यांच्या पाट्या दाखवल्या, त्यांत आकडे होते म्हणे. मला नुसते ठिपके. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि पुरुषाकडे ते एकच, म्हणून बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त. तेव्हा पुरुषी बाथरूम म्हणाल तर या धाग्यावर माझंच खरं.

आरशामागे, एक विचारू का? अप्पांचे कपडे कोण काढून द्यायचं?

आरशामागे
…

आई. रोज. शर्ट-पँट-मोजे पलंगावर काढून ठेवायची. आम्हाला वाटायचं रुबाब आहे.

तिरसिंगराव
अरेच्चा.

सांडलवंड
आज धागा हातचं काम करू देत नाहीये.

पांढरा_केस
विषय जरा बाजूला जातोय, पण कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते. आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर बाथरूम करून घेतलं. जमीन कोळशी, भिंत कोळशी, शॉवरच्या भागाला तीन इंचाचा उंबरा, तोही कोळशी. एकसंध दिसावं म्हणून. दिसत होतं एकसंध. इतकं की उंबरा दिसायचाच नाही. पहाटे उठले, पाय अडकला, खुब्याचं हाड मोडलं. दीड वर्ष झालं, अजून काठी आहे.

आता उंबऱ्याच्या कडेला मी फिकट पट्टी बसवून घेतलीय. शोभत नाही. न शोभू दे. घरात वयस्कर कोणी असेल, किंवा तुम्ही स्वतः होणार असाल, तर जमीन आणि भिंत यांच्या रंगात फरक ठेवा आणि कड वेगळी दिसेल असं बघा.

दोन_पोरांची_आई
ताई, वाचून पोटात गोळा आला. काकांना लवकर बरं वाटू दे. आमच्या निळ्याला पण उंबरा आहे, आजच काहीतरी करते.

हात_कामातला
ताई म्हणतात ते बरोबर आहे. उंबरा न करता उतार देऊनही काम होतं, नहाणी ट्रॅपकडे फुटाला पाव इंच. शॉवरखाली छोट्या तुकड्यांची मोझेक घातली तर उतारही नीट वळतो आणि सांधे जास्त म्हणून पाय धरतो. आणि आर ९ ते आर १३ हा घसरणीचा आकडा बघतात तो बूट घालून, तेल टाकलेल्या उतारावर चालून काढतात. अनवाणी ओल्या पायाची चाचणी वेगळी, तिला ए, बी, सी असे वर्ग. शॉवरखाली बी तरी घ्या.

पांढरा_केस
धन्यवाद. ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, हा माणूस आधी कुठे होता?

पेशी_अन्_पेशी
जीवशास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही. आरशामागे, अप्पा रंगांधळे असले तरी तुम्हाला ते त्यांच्याकडून येणार नाही, वडिलांचा एक्स मुलग्याला मिळत नाही. पण बहीण असेल तर तिला तो मिळालेलाच आहे. तिला स्वतःला बहुधा सगळे रंग नीट दिसतील, तिच्या प्रत्येक मुलग्याला मात्र निम्मी शक्यता.

आरशामागे
बहीण आहे. भाचाही आहे. त्याने पहिलीत असताना झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवली होती. बाईंनी कल्पनाशक्ती म्हणून वर्गात लावलं होतं ते चित्र.

डावा_मोजा
लवकर दाखवा त्याला. मोठा आजार नाही, पण त्याला माहीत असलेलं बरं. मी शाळेत नकाशे रंगवताना फार मार खाल्लाय.

सांडलवंड
मूळ विषयावर: मी शेवाळी हिरवा केला, मॅट, भिंत अर्ध्यापर्यंतच, वर साधा पांढरा रंग. खाली मातकट. चार वर्षं झाली, कंटाळा आला नाही. डाग दिसतात का? चष्मा काढून अंघोळ करतो, माहीत नाही.

खिडकीपाशी
लाकडासारख्या दिसणाऱ्या फरशीचा अनुभव कोणाला? माझ्या भावाने घेतली, दर चौथ्या फळीवर तीच गाठ त्याच जागी. एकदा दिसली की दुसरं काही दिसत नाही. आता तो डोळे मिटून दात घासतो.

हात_कामातला
किती वेगवेगळे छाप आहेत ते आधी विचारायचं, आणि मांडताना दोन-तीन खोकी एकत्र मिसळून लावायची. भावाला बसवणाऱ्याने घाई केली.

आरशामागे
आईला फोन केला. ती बहिणीकडे असते. म्हटलं, आई, अप्पांनी गुलाबी फरश्या कशा काय पसंत केल्या? आधी बराच वेळ नुसती हसली. मग म्हणाली:

“ते दुकानात राखाडी द्या, राखाडी द्या करत होते. मला गुलाबी आवडली होती. मी तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, ही काय राखाडी. वाकून नीट बघितली आणि म्हणाले, हां, हीच.”

म्हणजे तिला माहीत होतं. लग्नानंतर महिन्याभरात कळलं होतं म्हणे, पण त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. घरी येणारा कोणीतरी “वा, गुलाबी!” म्हणाला, तेव्हा रात्री त्यांनी एकदाच विचारलं, “राखाडीच आहे ना गं?” ती म्हणाली, हो. विषय संपला. पुढे वीसेक वर्षं त्या भिंतीसमोर दाढी केली त्यांनी.

मुलाला सांगितलं. तो जरा गप्प बसला, मग म्हणाला, बाबा, जमीन कोळशी मॅट, तीन भिंती मधली राखाडी, आणि आरशाची भिंत आजीची राखाडी.

कोरडा_टॉवेल
आजीची राखाडी 🙏 दुकानात याच नावाने मागा.

डावा_मोजा
मला तर चारही भिंती एकसारख्या दिसतील. छान होईल.

हात_कामातला
गुलाबीच्या पण सगळ्या एकाच बॅचच्या घ्या. आणि त्या जुन्या चार हव्या असतील तर मिस्त्रीला आधी सांगा, छिन्नी लावली की राहत नाहीत.

आरशामागे
एकच आख्खी निघाली. टवका असलेलीच.

खिडकीपाशी
ग्राउट एपॉक्सी करताय का? आमच्याकडे सुकायच्या आत पुसलं नाही आणि फरशीवर धुरकट थर बसला, तो कशाने जातो कोणाला माहीत आहे का?

निवांत
आणि आरशाची तार किती बारीक लागते तेही लिहा. माझाही चिकटवलेलाच आहे.